परसातलं तळं दर फाल्गुनात हिरवं होतं: कारण कसं शोधलं, काय केलं

तळं उपसून, घासून, नवं पाणी भरलं की आठ-दहा दिवस तळाचा खडा न् खडा दिसतो. मग एका सकाळी पाण्यावर किंचित पोपटी छटा येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पालकाच्या पातळ भाजीसारखं सगळं हिरवंगार. मासे खायला वर आले तरच दिसतात. तुमच्याकडे हेच चक्र चालू असेल तर बाकी काही करण्याआधी तळं घासणं थांबवा. मी दोन वर्षं दर महिन्या-दीड महिन्याने घासत होतो, आणि दर वेळी पुढचा हिरवेपणा माझ्याच हाताने पेरत होतो. हे कळायला फार वेळ गेला, त्यात मासेही गेले. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं घर कराडजवळ, उसाच्या पट्ट्यात. परसात दहा बाय सहा फुटांचं तळं आहे. मधोमध तीन फूट खोल, एका बाजूला उथळ पायरी, खाली शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. पाणी साधारण ४,००० लिटर. सुरुवातीला त्यात गोल्डफिश आणि कोई मिळून २२ मासे होते. पाणी बोअरचं. वर आंब्याची एक फांदी. बहुतेकांच्या परसात थोड्याफार फरकाने असंच असतं.

आधी ग्लासभर पाणी काढा

'पाणी घाण झालंय' एवढ्यावर उपाय ठरवू नका. काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि खिडकीशी नीट बघा. मग तो ग्लास रात्रभर न हलवता तसाच ठेवा.

सकाळी तळाशी गाळ बसून वरचं पाणी स्वच्छ झालं असेल तर ती माती आहे. पावसात अंगणातून वाहून आलेली, किंवा कोईंनी कुंड्यांमधली माती उकरून काढलेली. कोईला माती उकरायची सवयच असते. पाणी नितळ पण चहासारखं तांबूस असेल तर पानं कुजताहेत. माशांना त्याचा त्रास होत नाही, पानं काढत राहा. दुधाचा हात लागल्यासारखी पांढुरकी धूसरता असेल तर जिवाणू वाढलेत. नव्या तळ्यात किंवा खाद्य जास्त पडल्यावर असं होतं, खाद्य बंद ठेवलं की काही दिवसांत निवळतं. ग्लास रात्रभर ठेवूनही एकसारखा हिरवा राहिला तर ते पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. आपला विषय तो आहे, कारण पुन्हा पुन्हा येतो तो हाच.

पाण्यावर निळसर-हिरव्या ऑइलपेंटसारखा तवंग असेल आणि कुबट वास येत असेल तर ते वेगळं प्रकरण. ते निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं. कुत्र्या-मांजरांना, गुरांना ते पाणी पिऊ देऊ नका आणि हात घातला तर साबणाने धुवा.

डोणीतलं पाणी नितळ का होतं

शेजारच्या मळ्यात विहिरीकडेला एक जुनी दगडी डोण आहे. बैल गेल्यापासून तिचा वापर नाही. पाटाचं पाणी सोडलं की थोडं तिच्यात पडतं आणि ती भरलेली राहते. मार्च महिन्यात, माझं तळं पूर्ण हिरवं असताना, मी त्या डोणीपाशी थांबलो आणि पाहतच राहिलो. पंप नाही, फिल्टर नाही, डोक्यावर दिवसभर ऊन, आणि तळाच्या दगडावरची छिन्नीच्या घावांची खूण न् खूण स्पष्ट दिसत होती.

ओंजळीत पाणी घेतलं. त्यात बाजरीच्या दाण्याहून लहान, पांढुरके ठिपके झटके देत वर-खाली करत होते. एक उडी वर, मग तरंगत खाली, पुन्हा एक उडी. या पाणपिसवा. डॅफ्निया, मोइना अशी त्यांची शास्त्रीय नावं आहेत. त्या दिवसभर पाणी गाळत असतात आणि तरंगतं शेवाळ हेच त्यांचं अन्न. माझ्या तळ्यात त्या का नव्हत्या? कारण २२ माशांसमोर एक पाणपिसू दोन मिनिटंही टिकत नाही. आणि चुकून राहिलीच, तर दीड महिन्यांनी मी तळं उपसून, ब्लीचिंग पावडर लावून खराट्याने घासत होतोच.

तिथून माझा विचार उलटा फिरला. शेवाळ मारायचं कसं, हा प्रश्न बाजूला ठेवला. माझ्या तळ्यात शेवाळाला एवढं खायला मिळतं कुठून आणि त्याला खाणारं कुणी का उरलं नाही, हे शोधायला लागलो.

तळ्याचा जमाखर्च

वहीची दोन पानं घेतली. एका बाजूला तळ्यात काय जातं, दुसऱ्या बाजूला तळ्यातून बाहेर काय येतं. बाहेर येण्याची बाजू जवळजवळ कोरी होती. वाफ होऊन पाणी जातं, पण ते नुसतं पाणी. बाकी सगळं मागेच राहतं.

आत जाणाऱ्यांत पहिला नंबर माशांच्या खाद्याचा. मी रोज दोन वेळा मिळून साधारण ४० ग्रॅम दाणे टाकत होतो, म्हणजे महिन्याला सव्वा किलो. त्या दाण्यांत ३५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे दिवसाला १४ ग्रॅम प्रथिनं, त्यातला नायट्रोजन सव्वादोन ग्रॅम. मासे त्यातला तिसरा हिस्सा फार तर अंगी लावतात. उरलेला कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ४,००० लिटरच्या तळ्यात हा हिशेब महिन्याला लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेटवर जातो. उसाला युरिया टाकावा तसा मी तळ्याला रोज खत टाकत होतो. त्याच दाण्यांतून फॉस्फरसही जातो, आणि शेवाळाला तो थोडासाही पुरतो.

दुसरा नंबर निघाला तो माझ्या ध्यानीमनी नव्हता: बोअरचं पाणी. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे रोज जवळपास सेंटिमीटरभर पाणी उडून जातं. दहा बाय सहाच्या तळ्याला ते रोजचे ५५ लिटर होतात. दोन महिन्यांत ३,३०० लिटर. म्हणजे उन्हाळ्यात मी जवळजवळ अख्खं तळं पुन्हा भरत होतो. बोअरचं पाणी तपासून घेतलं तेव्हा नायट्रेट लिटरला ६० मिलिग्रॅमच्या वर निघालं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. आजूबाजूला वर्षानुवर्षं ऊस, त्याला खतं आणि पाटपाणी, ते झिरपून खाली जाणारच. (घरी पिण्यासाठी आम्ही त्या दिवसापासून बोअर बंद केली, हा तळ्याने आम्हाला दिलेला फायदा.) आता बघा: तळं धुऊन मी जे 'स्वच्छ' पाणी भरत होतो त्यातच ६० नायट्रेट होतं, आणि ते खायला शेवाळाशिवाय दुसरं कुणी मी शिल्लक ठेवलं नव्हतं. आठ दिवसांत हिरवं होण्यात काहीच नवल नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की औषधाची बाटली आणण्याआधी तुमच्या भरणीच्या पाण्याचं नायट्रेट तपासून घ्या. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होतं, आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्ट्यांवरही अंदाज येतो. भरणीच्या पाण्यातच ६० असेल तर 'दर आठवड्याला थोडं पाणी बदला' या नेहमीच्या सल्ल्याने तुम्ही ६०च्या खाली कधीच येणार नाही.

बाकीच्या गोष्टी लहान, पण आहेत. आंब्याची पानं आणि मोहोर. फाल्गुनात पाणी का बिघडतं याचं अर्धं उत्तर तिथे आहे: पानगळ, मोहोर, चढतं ऊन आणि वाढती वाफ, सगळं एकाच वेळी. शिवाय पावसाळ्यात अंगणातलं पाणी शेणखताच्या आळ्यांवरून तळ्यात शिरत होतं. तळ्याची कड जमिनीपासून पाच इंच उचलून घेतली आणि तो प्रश्न एका दुपारीत मिटला.

पहाटे मासे तोंड वर काढत असतील तर हे आधी वाचा

हिरवेपणा दिसायला वाईट, पण मासे मरतात ते दुसऱ्याच कारणाने. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळ्यांसारखाच घेतं. उन्हाळ्यात ३० अंशांच्या पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतोच लिटरला सात-साडेसात मिलिग्रॅम. दाट हिरव्या तळ्यात पहाटेपर्यंत तो तीनच्या खाली उतरू शकतो. दुपारी याच्या उलट: शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा पीएच ९ च्या वर चढतो, आणि चढत्या पीएचला तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो. एकाच दिवसात माशांना दोन्हीकडून मार.

एका मे महिन्यात पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन गेलो. सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून गोल उघडमीट करत होते. सगळ्यात मोठी केशरी कोई आडवी पडत होती, पुन्हा सरळ होत होती. बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो, तासभर. तीन मासे गेले. ते तीन मासे आंब्याखाली पुरताना ठरवलं की आता अंदाजाने काही करायचं नाही.

अशी वेळ आलीच तर: पाणी उंचावरून पडेल असं करा, पाइपचा फवारा मारा, एअर पंप असेल तर लावा. खाद्य पूर्ण बंद. औषध कुठलंही टाकू नका. आणि त्या दिवशी तळं उपसायला घेऊ नका, उपसताना ढवळलेला गाळ उरलासुरला ऑक्सिजनही खातो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातल्या सलग ढगाळ दिवसांत एअर पंप रात्री चालू ठेवा, दिवसा बंद असला तरी चालेल. बरेच जण उलटं करतात.

मी काय केलं, कशाच्या आधी काय

पहिलं, मासे कमी केले. हे सगळ्यात जड गेलं, पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. कोईला खरं तर माझ्या तळ्याच्या कितीतरी पट पाणी लागतं. सगळ्या कोई ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या अस्तर घातलेल्या शेततळ्यात गेल्या. चार गोल्डफिश ठेवले. पुढे ओढ्यात जाळं टाकणाऱ्या ओळखीच्या माणसाने दिलेली डझनभर दांडवणं सोडली. बोटभर लांबीचा, अंगावर काळी रेघ असलेला आपल्याच ओढ्यांतला मासा. डासांच्या अळ्या खातो, माती उकरत नाही.

नको झालेले मासे नदीत, विहिरीत, पाझर तलावात सोडू नका. कळकळीने सांगतोय. मत्स्यालयाची काच चाटायला म्हणून आणलेला सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात अडकतोय, जाळी फाडतोय आणि खायलाही कुणी घेत नाही. दुकानात परत द्या, कुणाला तरी द्या, पण कृष्णेत नको.

दुसरं, खाद्य. दिवसाआड एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. चार गोल्डफिशना ते चिमूटभर होतं. पाहुणे आले की मुलं मूठभर टाकायची. आता मुलांच्या हातात डबीऐवजी चहाचा छोटा चमचा देतो. पावसाळ्यात तर मी दाणे टाकतच नाही, तळ्यात किडे पुरेसे असतात.

तिसरं, बाहेर जाणारी बाजू उघडली. आपल्या आजीच्या वेळी मोरीचं पाणी कुठे जायचं? अळू आणि केळीला. त्या सांडपाण्यावर अळूची पानं सुपाएवढी व्हायची. तेच इथे केलं. २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप आडवं कापलं, अर्ध्या भागात खाली मोठी खडी, वर बारीक खडी भरली आणि त्यात अळू, कर्दळ, वेखंड आणि वाळा लावला. माती अजिबात नाही. तळ्याच्या तळातून २० वॉटचा सबमर्सिबल पंप पाणी पिंपाच्या एका टोकाला सोडतो, खडीतून मुळांमधून सरकत ते दुसऱ्या टोकाने पुन्हा तळ्यात पडतं. चोवीस तास चालवून महिन्याला १४-१५ युनिट होतात. खडीवर जिवाणू बसतात, ते अमोनियाचं नायट्रेट करतात आणि मुळं नायट्रेट उचलतात. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात धीर सोडू नका.

यात कापणी विसरलात तर सगळं वाया. पानं तिथेच पिवळी पडून कुजली तर उचललेलं सगळं परत पाण्यात जातं. आमच्याकडे दर आठवड्याला अळू निघतो. तळ्यात रसायन काही नसल्याने आम्ही तो खातो. अळूवडीचं प्रत्येक पान म्हणजे तळ्यातून बाहेर गेलेला थोडा नायट्रोजन आणि फॉस्फरस. वहीत बाहेर जाण्याच्या बाजूला मी आता 'अळू, एक जुडी' असं लिहितो.

वीज गेली तर? उन्हाळ्यात सहा-सात तास वीज नसली की पिंपातल्या खडीतलं पाणी हवेवाचून सडतं. वीज आल्यावर पिंपातलं पहिलं पाणी तळ्यात जाऊ देऊ नका, पाइप वळवून केळीला सोडा. फिल्टरला स्पंज असेल तर तो नळाखाली धुवायचा नाही, तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत पिळायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर येता. नळाचं पाणी तळ्यात घालायचं असेल तर आधी उघड्या पिंपात दिवसभर ठेवा.

चौथं, सावली. बादलीभर काळ्या मातीत, शेणखत न घालता, वर गोटे पसरून दोन कुमुदं लावली. पानांनी निम्मं पाणी झाकलं की शेवाळाचं ऊन निम्मं आणि वाफही कमी. निम्म्याहून जास्त झाकू देऊ नका. आणि फुकट मिळते म्हणून जलपर्णी आणू नका. ती पाणी स्वच्छ करते हे खरं, पण तिचा एक तुकडा पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात गेला तर पुढे काय होतं ते मुळा-मुठेच्या पात्रात दर उन्हाळ्यात दिसतं.

पाचवं, पावसाचं पाणी. मागच्या पडवीचा पत्रा ५०० चौरस फुटांचा आहे. १० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावरून साडेचारशे लिटर मिळतं. दोन-दोन हजारांच्या दोन टाक्या भरून ठेवतो, झाकणाखाली कापड बांधून, डास शिरू नयेत म्हणून. पहिल्या दोन-तीन पावसांचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं. एप्रिल-मेची ३,३०० लिटरची तूट आता त्यातून भरते, त्यामुळे बोअरचं नायट्रेट तळ्यात जातच नाही.

आणि सहावं: तळ्याशेजारी एक मोठं प्लास्टिकचं टब, त्यात मासा नाही. डोणीतल्या पाण्याची एक कळशी त्यात ओतली. तीन आठवड्यांत टबात पाणपिसवांचे ढग झाले. तिथून दर पंधरा दिवसांनी तांब्याभर तळ्यात, उथळ पायरीवर, वेखंडाच्या दाटीत सोडतो, मासे जिथे सहज पोचत नाहीत. बऱ्याच खाल्ल्या जातात, थोड्या टिकतात, आणि त्या थोड्यांनीही फरक पडतो. टबात डास होतील का? होतील. दर आठवड्याला चहाच्या गाळणीने अळ्या काढून माशांना घालतो. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवत नाही. जमत नसेल तर बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध मिळतं. ते अळ्या मारतं, मासे आणि बेडकांना धक्का लागत नाही.

हे करू नका

तुरटी. गढूळ पाण्यात ती माती खाली बसवते, घागरीत आपण पिढ्यान् पिढ्या फिरवत आलोय. पण तळ्यात ती पीएच पाडते, आणि कमी क्षारांच्या पाण्यात तिच्यातलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना बाधतं. शेवाळाचं खाद्य तसंच राहतं.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तर अजिबात नको. शेवाळ मरतं हे खरं. पण त्याबरोबर गोगलगायी आणि बेडकाची पिल्लं मरतात, मासेही मरू शकतात, आणि मेलेलं शेवाळ कुजताना एका रात्रीत ऑक्सिजन संपवतं. तांबं गाळात बसून राहतं.

यूव्ही दिवा चालतो, पण तो शेवाळ मारतो आणि त्याचं खत पाण्यातच सोडतो. दिवा बंद पडला की आठ दिवसांत पुन्हा तेच. आतल्या-बाहेरच्या हिशेबाला हात न लावता दिवा घेऊ नका. हिशेब बसला की बहुधा त्याची गरजच उरत नाही.

जे पाहुणे येतील

पाणी सुधारलं तसे बाकीचे जीव आले, आणि त्यांच्याबरोबर वेगळ्या तक्रारी.

पहिली तक्रार ढोकरीची. मातकट रंगाचा हा बगळा काठावर इतका स्थिर बसतो की दिसतच नाही. दोन दिवसांत एक गोल्डफिश नेला. मी घाईने तळ्यावर नायलॉनची बारीक जाळी ताणली. तिसऱ्या सकाळी जाळीत दिवड अडकली होती. मानेमागे धागा खवल्यांत रुतलेला, ती सुटायला वळली की आणखी आवळत होता. सर्पमित्राला बोलावलं. त्याने तिचं डोकं हलकेच धरलं आणि मी नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापत गेलो, वीस मिनिटं. सोडली तेव्हा ती थेट वेखंडात शिरली. जाळी त्याच दिवशी काढून टाकली.

त्याऐवजी चार इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड फुटांचे तुकडे तळाशी ठेवले. मासे त्यात शिरतात, वर कुमुदाची पानं आहेतच. ढोकरी अजूनही येते, पायरीवर उभी राहते, पण बहुतेक बेडकाची पिल्लं आणि किडेच खाते. खंड्या कधी एखादं दांडवण नेतो. तेवढं मी त्याचं मानतो.

दिवड बिनविषारी, पण डिवचली तर कडकडून चावते. तिला मारू नका. मात्र बेडूक आणि उंदीर आले की नाग-घोणसही येऊ शकतात. म्हणून तळ्याभोवती चार-पाच फूट लाकडं, विटा, पालापाचोळा साठू देऊ नका, आणि रात्री बॅटरी व पायात बूट असल्याशिवाय जाऊ नका. लहान मूल घरात असेल तर तळ्याला कुंपण हवंच.

बेडूक आणायला लागत नाहीत. पहिल्या वळवात स्वतःच येतात. गेल्या जूनमध्ये हळदीत बुडवल्यासारखे पिवळेजर्द नर रात्रभर ओरडत होते आणि शेजारच्या काकू सकाळी विचारत आल्या, "अहो, हे किती दिवस चालणार?" आठवडाभर, काकू. त्यांना सांगितलं की याच बेडकांमुळे तुमच्याही अंगणातले किडे कमी होतील, आणि एक अळूची जुडी दिली. बेडकांची अंडी फेसाच्या गोळ्यात, पाण्यावर झुकलेल्या पानाला लटकलेली दिसली तर ते पान तोडू नका. तो झाडावरच्या बेडकाचा गोळा आहे, पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात.

काठाला एका बाजूने उतरता दगड लावा. पाणी प्यायला आलेली खार किंवा सरडा आत पडला तर गुळगुळीत कागदावरून त्याला वर येता येत नाही. मला हे एक मेलेली खार सापडल्यावर सुचलं.

नदीतली कासवं आणून सोडू नका. वन्यजीव कायद्याखाली ती संरक्षित आहेत, आणि एवढ्याशा तळ्याचं पाणी एक कासवही बिघडवतं.

किती दिवसांत फरक पडतो

मी कार्तिकात सुरुवात केली. पहिले तीन आठवडे पाणी आधीपेक्षा हिरवं झालं. हात शिवशिवत होते, पण घासलं नाही. पौषात हिरवट धूसर. संक्रांतीनंतर एका दुपारी पाइपचं तोंड दिसलं. मग नवीनच तक्रार: पाणी नितळ झाल्यावर ऊन खाली पोचलं आणि कागदावर लांब केसांसारखं शेवाळ धरलं. घाबरू नका, हे बरं लक्षण आहे. काठीला गुंडाळून शेवयांसारखं बाहेर ओढा, काठावर तासभर ठेवा म्हणजे त्यातले किडे पाण्यात परत जातील, मग नारळाच्या आळ्यात टाका. सगळं काढू नका, पाणपिसवा त्यातच लपतात.

फरक डोळ्यांनी ठरवला तर फसायला होतं, रोज बघणाऱ्याला तर हमखास. मी एक पांढरी बशी दोरीला बांधली आहे, दोरीवर इंचाच्या गाठी. दर रविवारी दुपारी बाराला ती सोडतो आणि दिसेनाशी झाली की आकडा दिनदर्शिकेवर लिहितो. घासत होतो त्या वर्षी फाल्गुनातला आकडा ७ इंच होता. या फाल्गुनात २६. बशी वर घेताना एका गाठीला चतुराची रिकामी कात चिकटून आली, पाठीवर उभी चीर पडलेली.